स्वल्पमूल्य गगनविहारी

युरोपखंडात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय मंडळींच्या गणेशोत्सवात, बटाटेवड्यांच्या रांगेत आपल्यापुढे उभे राहून, आपण कोठून आलात, कसे आलात आणि मुख्यत्वेकरून किती युरोंत आलात याची अत्यंत सौजन्यपूर्वक विचारपूस करणारे, आणि आपण आकडा उच्चारताच डोळे मिटून, मान दोनदा हलवून, आपल्या अज्ञानाबद्दल मनःपूर्वक शोक प्रकट करणारे जे एक गृहस्थ हटकून भेटतात, त्यांना ‘स्वल्पमूल्य गगनविहारी’ ही पदवी मी मनातल्या मनात फार पूर्वीच बहाल करून टाकली आहे. हे गृहस्थ डब्लिनमध्ये भेटतात, आइंडहोव्हनमध्ये भेटतात, म्युनिकमध्ये तर एकाच मांडवात चारपाच भेटतात. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी उत्तम, वेतन घसघशीत, घराचे हप्ते वेळच्या वेळी. तेव्हा दारिद्र्यापायी ते स्वस्त विमानांचा आश्रय घेतात असा कोणाचा समज होत असेल तर तो तत्काळ दूर केला पाहिजे. गरजू माणसाला स्वस्ताई ही सोय असते. आमच्या गृहस्थांची ती उपासना आहे.

“साठ युरो?” ते म्हणतात. “एका माणसाचे? आणि एकाच बाजूचे? अहो, मला नुसता एक फोन करायचा होतात!”

स्वतः ते बारा युरोंत आलेले असतात. हे बारा युरो कसे साधले याचे आख्यान वडा संपेपर्यंत चालते, आणि त्यात मंगळवारची मध्यरात्र, संगणकावरच्या कुकीज पुसून टाकण्याचा विधी, व दर तासाने भाडे पाहत राहण्याचे व्रत यांचे सविस्तर माहात्म्य वर्णिलेले असते. विमानात किती जागा उरल्या आणि उड्डाणाला किती दिवस उरले, हे पाहून यंत्र क्षणोक्षणी भाडे ठरवीत असते, त्याला वार-नक्षत्राचे सोयरसुतक नसते, असे मी एकदा त्यांना सांगून पाहिले. त्यांनी ते मोठ्या सहिष्णुतेने ऐकून घेतले आणि बुधवारच्या पहाटेचा गजर लावला.

या संप्रदायाचा इतिहास त्यांना मुखोद्गत आहे. युरोपातली विमानवाहतूक पूर्वी सरकारी कंपन्यांच्या वतनदारीत होती; कोणत्या दोन शहरांमध्ये कोणी, किती वेळा आणि काय भाड्याने उडावे याचे करारमदार दोन सरकारे आपसांत करीत, आणि प्रवाशाने निमूटपणे पैसे मोजावेत अशी वहिवाट होती. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायाने ही वतने खालसा केली आणि समुदायातल्या कोणत्याही कंपनीला आपले भाडे आपण ठरवण्याची मुभा दिली. वॉटरफर्डहून लंडनला पंधरा आसनांचे विमान चालवून १९८५ साली सुरू झालेली आणि पुढे तोट्यात बुडू पाहणारी रायनएअर कंपनी अमेरिकेतल्या साउथवेस्टचा कित्ता गिरवून सावरली. १९९५ च्या नोव्हेंबरात एका ग्रीक जहाजमालकाच्या मुलाने, स्टेलिओस हाजी-इओआनू यांनी, इझीजेट या नावाने ल्यूटनहून ग्लासगोला अवघ्या २९ पौंडांत, म्हणजे एका जीन्सच्या विजारीच्या किमतीत, माणसे नेण्यास आरंभ केला, आणि दलालांना फाटा देऊन विमानाच्या अंगावरच दूरध्वनीचा क्रमांक ठळक नारिंगी अक्षरांत रंगवला. २००३ मध्ये हंगेरीत विझ एअर निघाली. त्याच वर्षी आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे विमान उडाले, हेही ते अभिमानाने सांगतात. एअर डेक्कनच्या एक रुपयाच्या तिकिटाचा उल्लेख निघाला म्हणजे मात्र त्यांचा आवाज किंचित कातर होतो. त्या वेळी ते शिकत होते आणि त्यांच्याजवळ क्रेडिट कार्ड नव्हते.

इतक्या स्वस्तात विमान उडते कसे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अगदी बिनतोड असते आणि ते खरेही आहे. सगळी विमाने एकाच जातीची, म्हणजे वैमानिकांचे शिक्षण एक आणि सुटे भाग एक. उतरलेले विमान पंचवीस मिनिटांत पुन्हा उडवायचे, कारण जमिनीवर उभे असलेले विमान कमवीत नाही. आसनाची पाठ मागे कलत नाही, पुढे खिसा नाही. खिसा नाही म्हणून त्यात कचरा नाही, कचरा नाही म्हणून सफाईचा वेळ नाही. पूर्वीच्या कंपन्या जी सेवा तिकिटातच देत त्या सेवेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर निराळी जकात बसवायची, आणि ज्या कामाला पूर्वी पगारी कारकून लागे ते काम प्रवाशाकडूनच करून घ्यायचे. त्यानेच आपला प्रवेशपास तयार करावा, त्यानेच पिशवी मोजावी, त्यानेच ती उचलून धावपट्टीच्या कडेने चालत जाऊन शिडी चढावी. आणि घरून ऑनलाइन हजेरी लावण्यास विसरला तर विमानतळावर ५५ युरोंपर्यंत दंड भरावा. रायनएअरचे मुख्याधिकारी मायकेल ओ’लिअरी यांनी २००९ साली विमानातल्या शौचालयाला नाणे टाकायची व्यवस्था करण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा अवघे युरोप हसले. आमचे गृहस्थ हसले नाहीत. “दीड तासाचा तर प्रवास,” ते गंभीरपणे म्हणाले, “घरून जाऊन निघालं की झालं.”

परंतु त्यांच्या प्रतिभेचा खरा विलास पाहायचा तर प्रस्थानाच्या आदल्या रात्री पाहावा. मोफत नेता येणाऱ्या पिशवीची लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी. कोणाची चाळीस, तीस, वीस सेंटिमीटर, कोणाची पंचेचाळीस, छत्तीस, वीस. गृहस्थांपाशी शिंप्याची फीत आहे. पिशवी भरून झाली की ते तिची तिन्ही अंगे मोजतात, चाके धरून मोजतात, मूठ धरून मोजतात, आणि एखादा सेंटिमीटर अधिक भरला तर गुडघा देऊन पिशवीस शरण आणतात. जे पिशवीत मावत नाही ते अंगावर जाते, कारण अंगावरच्या वस्त्रांना मोजमाप लावण्याचे अद्याप कोणत्याही कंपनीला सुचलेले नाही. दोन शर्ट, त्यांवर स्वेटर, त्यावर अकरा खिशांचे जाकीट. खिशांत चार्जर, दाढीचे सामान, बुटांची जोडी आणि थालीपिठाची भाजणी. मानेभोवतीच्या प्रवासी उशीतला कापूस केव्हाच निघून गेला असून तिच्या पोटात मोजे आणि बनियन वसतीला आहेत. जुलै महिन्यात, तिशीच्या तापमानात, हा हिमालयोन्मुख वेष धारण करून घामाघूम उभ्या असलेल्या पतीकडे पाहून त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, “अहो, भरा ना एकदाचे पंचवीस युरो. चक्कर येऊन पडलात तर?”

“पडलो तर उचलून नेतील,” ते उत्तरतात. “माणसाला जादा आकार नाही.”

विमानाच्या दाराशी धातूचा एक सांगाडा ठेवलेला असतो आणि ज्याची पिशवी त्यात बसत नाही त्याला तिथल्या तिथे तिकिटाच्या कित्येक पट दंड होतो. ही घटका मोठी कसोटीची. गृहस्थ पोट आत घेतात. पिशवी पाठीवर असल्यामुळे याचा तिच्यावर काय परिणाम होतो हे मला उमगलेले नाही. सुरक्षातपासणीत त्यांचा पराभव झालेला मी पाहिला आहे तो एकाच पदार्थापुढे. शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव नेण्यास २००६ साली मनाई झाली, आणि श्रीखंड हा द्रव की घन, या प्रश्नावर एका विमानतळावर त्यांनी अधिकाऱ्याशी असा काही युक्तिवाद केला की मागची रांग स्तब्ध झाली. डबा उलटा धरला तरी सांडत नाही, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. अधिकाऱ्याने सिद्धान्त मान्य केला आणि डबा ठेवून घेतला.

भारतीय पारपत्र बाळगणाऱ्याच्या नशिबी आणखी एक टप्पा असतो. काही कंपन्यांत युरोपबाहेरच्या नागरिकाला, प्रवेशपास हाती असला तरी, खिडकीपाशी जाऊन दस्तऐवजांची खातरजमा करून घ्यावी लागते आणि कागदी पासाच्या काळात तर पासावर तसा शिक्काही उठवून घ्यावा लागे. कारकुनाचे दर्शन टळावे म्हणून ज्याने घरी बसून सारे उपचार यथासांग केले, त्याला पुन्हा त्याच कारकुनापुढे उभे राहावे लागते. एरवी कायद्याचा कीस काढणारे आमचे गृहस्थ येथे मात्र मुकाट्याने रांग धरतात. शिक्क्यावाचून अडलेल्या माणसांच्या देशात त्यांचे बालपण गेले आहे.

विमानात बसण्याविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. इझीजेटच्या विमानांत २०१२ पर्यंत आसनक्रमांकच नसत, आणि एस. टी. च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचे संस्कार झालेल्या आमच्या गृहस्थांनी तो काळ गाजवला. आता क्रमांक आले, आवडीच्या जागेला दाम आले; दाम द्यायचे नाहीत म्हणून सौभाग्यवती सातव्या रांगेत आणि हे एकोणतिसाव्या रांगेत, दोघेही मधल्या आसनावर. सोडतीची तिकिटे विकायला सेविका आल्या की हे झोपेचे सोंग घेतात.

विमान कोठे उतरते, हा प्रश्न मात्र फार रोचक आहे असे नव्हे, फार लांबचा आहे. फ्रँकफुर्टचे नाव धारण करणारा हानचा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरांवर, हुन्सऱ्युकच्या डोंगराळ मुलखात, अमेरिकन सैन्याने सोडलेल्या तळावर आहे. पॅरिसचे म्हणवणारे बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर, स्टॉकहोमचे स्काव्स्ता शंभराच्या घरात, ऑस्लोचे तोर्प त्याहूनही दूर, आणि म्युनिकचे पश्चिमद्वार म्हणून ज्याची द्वाही फिरवली गेली ते मेमिंगेन तर म्युनिकहून एकशे दहा किलोमीटरांच्या आतबाहेर. अशा ठिकाणी पहाटे सहाचे विमान गाठायचे म्हणजे आदल्या रात्रीच्या शेवटच्या बसने जाऊन विमानतळाच्या लोखंडी बाकावर, हातपाय पिशवीला वेढून, निद्रादेवीची आराधना करणे आले. बसचे भाडे बहुधा विमानाहून अधिक. हे सर्व मिळून खर्च किती झाला असे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे जमाखर्चाची वही उघडली. तीत तिकिटाचे बारा युरो ‘प्रवास’ या सदरी होते. बसचे बावीस ‘स्थलदर्शन’ या सदरी, कारण वाटेत डोंगर दिसले. विमानतळावरील सँडविच व कॉफी ‘भोजन’ या सदरी, कारण घरीही जेवलोच असतो. पाठीच्या दुखण्यावरचे मलम ‘औषधपाणी’ या सदरी. जागून काढलेली रात्र कोणत्याच सदरी नव्हती. “वेळ काय, आपलाच आहे,” ते म्हणाले, आणि कार्यालयात तासांवर मोबदला मोजून घेणाऱ्या माणसाने हे उद्गार काढावेत याचे मला नवल वाटत राहिले.

माझे मत विचाराल तर एकटा, तरुण, पाठपिशवीवाला प्रवासी आणि दुपारचे विमान असेल तर ही स्वस्ताई खरी आहे. कुटुंब, सामान आणि पहाटेची वेळ असेल तर ती बव्हंशी कागदावरची आहे, आणि अशा वेळी शहराच्या मध्यभागातून निघून शहराच्या मध्यभागी पोहोचवणारी आगगाडी महाग दिसली तरी महाग नसते. याउपर दुसरी बाजूही नाकारता येत नाही. त्याच विमानात सुट्टीसाठी क्राकावला निघालेला पोलिश गवंडी असतो, इटलीत वृद्धांची शुश्रूषा करणारी रुमानियन बाई असते, नातवाचा पहिला वाढदिवस गाठायला निघालेली आजी असते. दिवसरात्र बसमध्ये अंग आंबवून घरी जाणारी, किंवा जाणेच रहित करणारी, ही माणसे आता दोन-तीन तासांत घरी पोहोचतात. स्वस्त म्हणजे धोक्याचे, हा समजही चूक. रायनएअरच्या आजवरच्या इतिहासात विमान-अपघातात एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. उलट, भाडे इतके कमी राहण्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर मोटारीच्या पेट्रोलसारखा कर नसण्याचाही वाटा आहे, आणि धुराची ती उधारी कोणीतरी पुढे फेडायची आहे. स्वीडनमध्ये शिकणाऱ्या पुतणीने हा विषय काढून काकांना विमानप्रवासाची लाज बाळगण्याचा उपदेश केला, तेव्हा काका म्हणाले, “अगं, मी बसलो नसतो तरी ते जाणारच होतं. रिकामी खुर्ची नेणं हे प्रदूषण नव्हे का?” पुतणी निरुत्तर झाली; काकांना ते पटल्यासारखे वाटले.

एका बाबतीत मात्र मी त्यांचा हेवा करतो. आपण आधी गाव ठरवतो आणि मग भाडे पाहतो. ते आधी भाडे पाहतात आणि मग गाव कोणत्या देशात आहे ते पाहतात. “पॉझनानला कशाला गेला होतात?” असे विचारले तर “नऊ युरो होते” एवढेच सयुक्तिक उत्तर मिळते. पण त्यामुळे पॅरिस-रोमच्या गर्दीत आपण धक्के खात असताना हा माणूस पॉझनानच्या चौकात, नगरभवनाच्या घड्याळातून दुपारी बाराला बाहेर येऊन एकमेकांना शिंगे मारणारे यांत्रिक बोकड पाहत उभा असतो, आणि हा सोहळा फुकट आहे हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे तेज पसरते ते मी कोणत्याही राजवाड्यातून बाहेर पडणाऱ्या पर्यटकाच्या मुखावर पाहिलेले नाही.

अलीकडे त्यांच्या साधनेला निराळे वळण लागले आहे. विमान आपल्या मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले आणि तो उशीर कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेला नसला, तर दीड हजार किलोमीटरांपर्यंतच्या प्रवासास २५० युरो भरपाई देण्याची तरतूद २००४ च्या युरोपीय नियमावलीच्या आधारे आहे. अशा एका उशिरात, तगाद्यावर तगादे धाडून, गृहस्थांनी बारा युरोंच्या तिकिटावर अडीचशे युरो वसूल केले, आणि तेव्हापासून वेळेवर सुटणारे विमान पाहिले की त्यांना उदास वाटू लागते. उशिराची घोषणा झाली की ते कान टवकारतात. कारण ‘वादळ’ असेल तर खाली बसतात; ‘तांत्रिक बिघाड’ असेल तर सर्व कुटुंबाला लाडू वाटतात. मागच्या खेपेस आमचे विमान सुटायला पावणेतीन तासांचा विलंब झाला, तेव्हा हे सारा वेळ घड्याळ हातात धरून बसले होते. वैमानिकाने वाटेत जोर करून तो विलंब थोडासा भरून काढला. चाके टेकली, विमानात टाळ्या झाल्या, लोक आनंदाने उठून पिशव्या काढू लागले, आणि एकोणतिसाव्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “पंचवीस मिनिटं कमी पडली हो! कुणी सांगितली होती एवढी घाई करायला?”