बटणं तीच, भावही तोच

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या पालकांच्या हातात शाळेची यादी पडते. वह्या, फोल्डर, हायलायटर आणि तळाशी मुकाट्याने बसलेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर. मुलीने एपी स्टॅटिस्टिक्स, म्हणजे शाळेतच शिकायचं कॉलेजच्या पातळीचं संख्याशास्त्र, घेतलं असेल तर पळवाट नाही. त्याची परीक्षा १९९७ साली सुरू झाली, तेव्हापासून हे यंत्र तिच्या पाचवीलाच पुजलंय.

न्यू जर्सीतला मराठी बाबा मग कामाला लागतो. स्वतःची बारावी लॉगटेबलवर काढलेली, त्यामुळे उत्साह दांडगा. एक्सेलमध्ये तक्ता होतो, रकाने रंगवले जातात. रंगीत पडदा कुणाचा, मेमरी किती, वॉरंटी काय. मुलगी शांतपणे सांगते, "बाबा, आमच्या मॅडम टीआय-८४ वापरतात." खेळ खलास. निवड बाबांनी नाही, मॅडमच्या प्रोजेक्टरने केव्हाच केलेली असते.

आता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या या टीआय-८४ प्लसची कुंडली बघा. जन्म २००४. मूळ मॉडेलचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. आतला प्रोसेसर १९७६ साली बाजारात आलेल्या झेड-८० च्या घराण्यातला. त्यानंतर टीव्ही स्वस्त झाले, मोबाइल पोराटोरांच्या खिशात गेले. हे यंत्र मात्र नवं घ्यायचं तर अजून शंभर डॉलरच्या घरातच. रंगीत भावंड घेतलंत तर आणखी वर. गिऱ्हाईक हक्काचं असल्यावर भाव कोण उतरवतो?

कॅसिओ हेच सगळं बरंच स्वस्तात करतं. पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर १९८५ साली आणला तोही कॅसिओनेच. पण मॅडम म्हणणार, "स्टॅट दाबा, उजवीकडे कॅल्क, आठवा पर्याय." वर्ग पुढे जातो आणि कॅसिओवालं पोर मेन्यूत वाट शोधत बसतं. पहिला आला तो मागे राहिला, कारण हँडआउटवर बटणं दुसऱ्याची छापलीत.

बरं, टीआय तरी सरळ आहे का? आठव्या पर्यायाने रेषा बसते, ए आणि बी झळकतात. पण ज्या सहसंबंध गुणांकासाठी हा खटाटोप, तो आर गायब! आधी कॅटलॉगमध्ये जाऊन 'डायग्नोस्टिकऑन' शोधायचं, दोनदा एंटर मारायचं, मग स्वारी दर्शन देते. मेमरी रीसेट केली की पुन्हा पडद्याआड.

गंमत म्हणजे याच मुलीला कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेच्या वेळी डेस्मॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच मिळतो, तोही फुकट. २०२४ पासून अमेरिकेत ती परीक्षा डिजिटल झालीय. तरी शाळेची यादी जागची हलत नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? 'नॉर्मलसीडीएफ' ही संभाव्यता काढायची आज्ञा, पुढे कंस, कंसात चार आकडे. एपीच्या उत्तरपत्रिकेत नुसतं हे उतरवलं तर पूर्ण गुण मिळत नाहीत. वितरण कोणतं, सरासरी किती, प्रमाण विचलन किती, हे लिहावं लागतं. प्रश्न चाचणीचा असेल तर शून्य परिकल्पना नाकारली की नाही, कोणत्या पी-व्हॅल्यूच्या आधारावर आणि त्याचा मूळ प्रश्नाशी संबंध काय, हेही वाक्यात सांगावं लागतं. त्याचं बटण अजून कुणी काढलेलं नाही.

तेव्हा बाबांनो, एक्सेल मिटा. आधी मॅडमना विचारा. त्या टीआयवाल्या असतील तर कॉलेजला गेलेल्या एखाद्या ताई-दादाचा जुना काळा-पांढरा ८४ प्लस निम्म्या किमतीत पदरात पाडून घ्या. त्याहून जुना ८३ प्लस नको, त्यात काय-स्क्वेअरची गुडनेस ऑफ फिट चाचणी नाही. बीजगणित सोडवून देणाऱ्या महागड्या 'कॅस' मॉडेलच्या नादी लागू नका. संख्याशास्त्रात त्याचा उपयोग नाही आणि कॉलेजप्रवेशाच्याच एसीटी परीक्षेत टीआय-८९ सारखी मॉडेल्स चालतच नाहीत. पी-व्हॅल्यू काय, सगळेच कॅल्क्युलेटर काढून देतात. तिचा अर्थ मुलीलाच लावायचाय, त्यासाठी शंभर डॉलर जास्त मोजू नका.