काहीही चालेल, काकू!

पुण्यातल्या गणेश मंडळात वाढलेल्या पोराला पैसे कसे मागायचे हे शिकवावं लागत नाही. पावतीपुस्तकातली पहिली पावती ‘एक हितचिंतक’ या नावाने २५१ रुपयांची फाडायची, म्हणजे पुढच्याला अकरा म्हणताना जीभ अडखळते. दुकानात गिऱ्हाईक असतानाच शिरायचं. घरी काका नसताना काकूंना गाठायचं, कारण काका असले की विषय थेट रस्त्यातल्या मांडवावर जातो. या विद्येत मी पारंगत होतो आणि मंडळाचा खजिनदारही. खजिनदाराच्या हातात पैसे नसतात. हिशेबात कमी पडले की लोकांच्या हातात खजिनदार असतो.

१९९३ चं विसर्जन झालं. रात्रभर मिरवणुकीत नाचून आम्ही सकाळी मांडवातच आडवे झालो होतो, तेव्हा रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं भूकंपात झोपेतच गाडली गेली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. एरवी उन्हाळ्यात गारवा देणारी घरंच अंगावर आली. ५२ गावं उद्ध्वस्त झाली, माणसं हजारोंनी गेली.

संध्याकाळी आमची मदतफेरी निघाली. चौघांनी चार टोकं धरलेली चादर, आणि पुढे मी. अडचण एवढीच, की याच दारांतून याच चेहऱ्यांनी नुकतीच वर्गणी नेलेली. “आत्ताच तर नेलीत की रे!” पहिल्याच दारात स्वागत झालं. “काकू, ही भूकंपाची,” म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि शंभराची नोट घेऊन आल्या. गणपतीला त्यांनी पाच रुपये सुटे मोजून दिले होते, तेही आवाज कमी ठेवण्याच्या अटीवर. पुढच्या दारीही तेच. कुणी घासाघीस करेना, कुणी पावती मागेना. हितचिंतकाची पावती खिशातच राहिली.

न मागता पैसे मिळू लागले तर खजिनदाराने करायचं काय? मी कार्यक्षेत्र वाढवलं. “कपडे दिले तर चालतील का? तिथं नक्की काय लागतंय?” असं कुणी विचारलं की मी मोठ्या मनाने सांगायचो, “काहीही चालेल, काकू!”

पेठेतल्या माणसाला ‘काहीही चालेल’ असं कधी सांगू नये. दोन दिवसांत मांडव भरला. सफारी सूट आले, टाय आले, एकेका पायाचे मोजे आले, सुळसुळीत नायलॉनच्या साड्या आल्या. कोपऱ्यावरच्या काकांनी डांबरगोळ्यांसकट मरून रंगाची जरीची शेरवानी आणून दिली. “एकदाच घातलीय. जपून वापरा म्हणावं,” असंही बजावलं.

मार्केट यार्डातला एक ट्रक मिळाला. त्याच्यापुढे बॅनर लागला: मंडळाचं नाव ठळक, भूकंपग्रस्त बारीक. क्लीनरला मागे बसवून मी ड्रायव्हरशेजारी बसलो, म्हणजे फोटो निघालाच तर गैरसोय नको. सोलापूरच्या पुढे रस्ता वाहनांनी तुंबला होता. निम्मे मदत करायला निघालेले, निम्मे बघायला. आम्ही कुठल्या निम्म्यात, याचा पोलिसांनी फार विचार केला नाही. त्यांनी ट्रक एका शाळेकडे वळवला.

तिथे वही घेऊन बसलेल्या आमच्याच वयाच्या मुलीने विचारलं, “ताडपत्री आहे? कंदील? भांडी?”

“कपडे,” मी अभिमानाने म्हणालो.

तिने नुसतं पेनाने मैदानाकडे दाखवलं. कपड्यांचा ढीग शाळेच्या खिडक्यांना टेकला होता. “आधी हे निवडा,” ती म्हणाली.

निवडत बसलो. दुपारी एक आजी आल्या. “लेकरा, लुगडं हाय का रं एखादं?” मी ढिगात कोपरापर्यंत हात घातले. सगळ्या पाचवारी. नऊवार म्हणून मोठ्या आशेने ओढलं, ते पडद्याचं कापड निघालं. अखेर मरून रंगाचं काहीतरी हाताला लागलं. आजींनी जरीवरून बोटं फिरवली आणि शांतपणे विचारलं, “लगीन कुणाचं हाय?”

मग त्यांचं लक्ष आमच्या निधीच्या चादरीकडे गेलं. ती त्यांनी झटकली, घडी घालून काखेत मारली आणि गेल्या. देण्याच्या लायकीची तेवढी एकच वस्तू आम्ही, न ठरवता, पुण्याहून आणली होती.

जमलेली रोकड मुख्यमंत्री निधीत गेली, ते बरं झालं. पुण्याहून खरी कामाची माणसंही गेली होती. ज्ञान प्रबोधिनीची मंडळी गेली ती हराळीत टिकली, तिथे त्यांनी शाळा उभी केली. आम्हाला मात्र वहीवाल्या मुलीने निघताना निम्मा ट्रक परत भरून दिला.

पुढच्या गणपतीत आमचा जिवंत देखावा होता, प्रतापगडाचा. अफजलखान मी होतो. पोशाखाचा खर्च वाचला म्हणून माझं कौतुकही झालं. कोपऱ्यावरचे काका रोज पुढच्या रांगेत उभे राहून माझ्याकडे टक लावून बघत. वाघनखं जरीला लागली की त्यांचा चेहरा खानापेक्षा जास्त वेदनेने पिळवटे. बोलले मात्र काही नाहीत. त्यानंतर दरवर्षी वर्गणी मागायला गेलो की तेवढं विचारतात, “यंदा नक्की कुठे जाणार आहे रे हे?”