गाणं वाजतंय तोवर भ्या न्हाई

कुरुंदवाडात भरदिवसा मोटारसायकलचा दिवा चालू ठेवून निघा. चौकापर्यंत पोचेस्तोवर चारपाच भली माणसं हाताचा पंजा उघडमीट करून बजावतात, "लाइट चालू हाय!" एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, त्याला बंद करायचं बटणच नसतं, हे सांगायला थांबलात तर "मग बसवून घ्या की बटण" असा सल्ला मिळतो. दिवसाच्या दिव्याची एवढी काळजी वाहणारं हे गाव. रात्री उसाच्या डबल ट्रॉलीमागे एकही लाल ठिपका नसला, तरी कुणाचा पंजा उघडत नाही. अर्थात उघडला तरी अंधारात दिसणार कुणाला!

सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आमच्या संगमावर आहे. संताजींनी रात्री औरंगजेबाच्या छावणीत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, असं सांगतात. काळोखात कुणाला चाहूल न लागू देता थेट समोर उभं राहण्याची ही विद्या आमच्या मुलखात पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी जोपासली. गाळप हंगाम सुरू झाला की शिरोळच्या वाटेवर रात्रभर त्यांची रीघ. पुढून पाहाल तर ट्रॅक्टर म्हणजे लग्नाचा मांडव : रंगीत दिवे, गोंडे, झालर, देवाचा फोटो, मालकाच्या पोराचं नाव. मागून पाहाल तर नुसता अंधार. रिफ्लेक्टर लावलेले असतात, नाही असं नाही. पण लोंबणारा ऊस त्यांच्यावर पदर ओढतो आणि उरलेलं काम चिखल करतो.

त्या मानाने बैलगाडी प्रामाणिक. बैलाच्या डोळ्यांत पडद्यामागे चकाकता थर असतो, उजेड पडला की डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. म्हणजे रिफ्लेक्टर जन्मजातच, कुणी पाठपुरावा करायला नको. फक्त एक गोम आहे. बैल आपल्याकडे तोंड करून येत असेल तरच हे डोळे दिसतात. भरलेली गाडी आपल्याच पुढे कारखान्याकडे निघालेली असली, की आपल्या वाट्याला बैलाची उलटी बाजू येते. तिथे निसर्गाने काही सोय केलेली नाही.

आमचे आबा गाडी चालवत नाहीत; ते शेजारी बसून चालवायला लावतात. समोरून कुणी अप्पर मारत आला की त्यांचा स्वाभिमान जागा होतो : "तू बी मार! सोडू नको त्येला!" आता ताशी ६० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. डोळे दिपल्यावर नजर ताळ्यावर यायला काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचे दोन आंधळे एकमेकांकडे किती मीटर धावतील, याचं गणित मी आबांना एकदा घालून दाखवलं. आबा म्हणाले, "म्हणून म्हणतो, पहिला अप्पर आपला पायजे."

दत्तजयंती मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, म्हणजे ऐन थंडीत. त्या रात्री नरसोबाच्या वाडीहून दर्शन आणि बासुंदी दोन्ही आटोपून निघालो, तर पंचगंगेच्या पुलावर धुकं असं उतरलेलं की बॉनेटच्या पुढे जग संपलेलं. आबांनी लगेच अप्पर मागितला. पण धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. वर मारलेला झोत त्यांच्यावर आपटून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. दिवा खाली पाडायचा, वेग खाली आणायचा, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरायची (ज्या गावात ती रंगवलेली असेल तिथे). एक गाडी चारी इंडिकेटर लुकलुकवत आम्हाला ओलांडून गेली. ती डावीकडे वळणार होती, उजवीकडे, की आकाशात, कळायला मार्ग नव्हता.

"काच खाली घे," आबा म्हणाले.

"थंडी वाजेल, आबा."

"वाजू दे. गाणं वाजतंय का ऐक."

ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावू नका, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, असं दर हंगामात चालकांना सांगतात. ते खरंच आहे. पण त्या रात्री डाव्या अंगाने ढोलकी ऐकू आली आणि पुढे ट्रॉली आहे हे डोळ्यांआधी कानांना कळलं. मी गाडी आणखी हळू केली. गाणं चालत राहिलं, आम्ही त्याच्या मागे. आबा ताल धरत म्हणाले, "गाणं वाजतंय तोवर भ्या न्हाई. गप पडलेली ट्रॉली लई वंगाळ." टायर फुटून वाटेतच बसलेल्या ट्रॉलीबद्दल ते बोलत होते. तिच्याभोवती पाच-सहा मोठे दगड मांडतात, तेच तिचे दिवे. दुरुस्ती झाली की ट्रॉली जाते. दगड राहतात.

पावसाळ्यात ऊस नसतो, त्याची भरपाई नदी करते. २००५, २०१९, २०२१ या पुरांनी आम्हा प्रत्येकाला जलतज्ज्ञ केलं आहे. आबांना सगळं तोंडपाठ : राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला, सांगलीच्या आयर्विन पुलाला इशारा ४० आणि धोका ४५, अलमट्टीतून आज सोडलंय किती. एका संध्याकाळी रस्त्यावर पाणी आलेलं पाहून मी गाडी थांबवली आणि विचारलं, "आबा, इथे किती असेल?"

"हितलं कसं सांगणार? हितं पट्टी कुठं हाय?"

वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान मोटार उचलून नेऊ शकतं. त्यातून गढुळाखाली रस्ता आहे की वाहून गेलाय, हे वरून दिसत नाही. मी गाडी मागे घ्यायला लागलो. काठावर पूर बघायला जमलेल्यांपैकी एकजण पुढे आला. छत्री, हातात भजी.

"जातीया की! मगाशी एक गेली."

आबांनी काच खाली केली. "कुठवर गेली?"

तो भजी चावत पाण्याकडे बघत राहिला. "ते काय दिसलं न्हाई. लाइट नव्हती तिला."