कलम १८५ वरील मेहकरी भाष्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८५ एखाद्या प्राचीन सूत्राप्रमाणे अल्पाक्षरी आहे. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या प्रत्येक अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, असे त्याचे सार आहे. सूत्र लहान असले की भाष्य वाढते, हे याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील मिताक्षरा यांच्या काळापासून ठाऊक असल्यामुळे, मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी पानटपऱ्यांच्या बाकांवर या कलमाची जी भाष्यपरंपरा उभी राहिली तिची दखल विधिशास्त्राच्या ग्रंथांनी घेऊ नये, ही त्या ग्रंथांचीच उणीव म्हटली पाहिजे.

या परंपरेतील मूळ वाद ‘तीस’ या संख्येविषयी आहे. कायद्याला तीस मिलिग्रॅम अभिप्रेत आहेत आणि तेही रक्तातले. भाष्यकार मात्र ते मिलिलिटर मानतात व पेल्यातले मानतात, म्हणजे ज्याला बारमध्ये ‘स्मॉल’ म्हणतात तेवढे सरकारनेच माफ केले आहे असा अर्थ लावतात. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर मद्यात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो आणि मध्यम बांध्याच्या माणसाचे रक्त साधारणपणे दुसऱ्या पेगला मर्यादा ओलांडते, हे लक्षात घेता हा अर्थ अगदीच निराधार नाही. अडचण एवढीच की ‘एकच घेतली, साहेब’ हे वाक्य सहसा तिसऱ्या पेगनंतर उच्चारले जाते. दुसऱ्या पंथाच्या मते तीस म्हणजे थर्टी फर्स्टची पूर्वसंध्या होय, कारण नाकाबंदी, श्वासविश्लेषक यंत्र आणि ‘फुंक मारा’ ही आज्ञा ही तिन्ही त्याच सुमारास एकत्र दिसतात. उरलेले वर्ष, धुळवडीचा अपवाद सोडल्यास, कलम विश्रांती घेते.

मूळ ग्रंथकारांमध्येही एकवाक्यता आहे असे नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अजून जिवंत आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचून दाखवल्यास ते तिला विनोद समजतील. त्या कायद्याच्या कलम ६६ मध्ये, पोटात गेलेले द्रव्य औषधी किंवा तत्सम होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडण्यासाठी रक्तात किमान ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क लागतो. ज्याच्या रक्तात ४० मिलिग्रॅम आहेत तो गृहस्थ मोटारीच्या कायद्याने शिक्षापात्र ठरतो आणि दारूच्या कायद्यापुढे मात्र अद्याप खोकल्याच्या औषधाचा संशयित लाभार्थी राहतो.

दंडाच्या रकमेबाबत भाष्यकारांचे मत ठाम आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून ती २,००० वरून १०,००० रुपये झाली. सोयाबीनचा २०२४-२५ च्या हंगामातील हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे एका फुंकेची किंमत दोन क्विंटल सोयाबीन, आणि तीही हमीभाव मिळाला तर. अशा रकमेला शिक्षा न समजता दर समजण्याची आणि दर म्हटला की घासाघीस करण्याची बाजारपेठेची रीत आहे. परंतु येथे सूत्रकार कठोर आहे. ज्या अपराधांत तडजोड शुल्क भरून, म्हणजे जागेवर पावती फाडून, प्रकरण संपवता येते त्यांची यादी कलम २०० देते, आणि त्या यादीत १८५ नाही; आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर जावेच लागते व दोषी ठरल्यास कलम २० प्रमाणे किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र व्हावे लागते. मनुस्मृतीने सुरापान करणाऱ्याच्या कपाळावर दारूच्या गुत्त्याचे चिन्ह डागायला सांगितले होते, त्या मानाने ही शिक्षा सौम्य आहे. तरी मेहकरात माणूस कपाळापेक्षा परवान्याला अधिक जपतो.

म्हणून घासाघीस रकमेऐवजी वेळेत होते, आणि या परंपरेचे खरे पांडित्य येथेच दिसते. कलम २०२ नुसार अटक केलेल्याची तपासणी दोन तासांत झाली नाही तर त्याला सोडावे लागते. निरोगी माणसाच्या रक्तातील मद्यार्क तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरतो. या दोन वाक्यांची सांगड घातली की कार्यकर्त्याला, मामाला, मामाच्या साडूला आणि अखेरीस ‘वरून’ केलेल्या फोनांचे शास्त्रीय प्रयोजन उलगडते: जी तडजोड न्यायालयालाही नाकारली आहे ती पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्या बसल्या यकृत करून टाकते, आणि ६० मिलिग्रॅमवर पकडलेला माणूस ‘आपलाच आहे, साहेब’ एवढ्या तीन शब्दांच्या आवर्तनात ३० वर येतो. वास, लडखडणे आणि जड जीभ यांवर भिस्त ठेवावी तर, रक्त किंवा लघवी न तपासता केवळ अशा लक्षणांवरून नशा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात म्हटले आहे.

एका कलमावर मात्र ही परंपरा मौन पाळते. कलम १८८ प्रमाणे या अपराधास चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ‘इथं जवळच तर जायचंय, अजून एक भर’ असे म्हणून पेला भरणारा आणि वर किल्ली हातात देणारा मित्र या व्याख्येच्या उंबरठ्यावर उभा असतो, आणि भाष्यकार बहुधा तोच असल्यामुळे हे मौन समजण्यासारखे आहे.

पुणेकरांचे भाष्य अर्थात अधिक साहित्यिक निघाले. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतल्यावर अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने घातलेल्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता, आणि रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप पुढे आला. मेहकरच्या परंपरेला रक्त उतरेपर्यंत थांबणे ठाऊक होते. रक्तच बदलून टाकण्याची कल्पना तिला सुचली नव्हती, एवढे श्रेय शहराला दिले पाहिजे.

समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. त्याच महामार्गावर याच जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर एक खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. बचावलेल्या चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याचे न्यायवैद्यक अहवालाच्या आधारे पुढे प्रसिद्ध झाले. त्या अंशाचा आणि अपघाताचा संबंध ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. ती रात्र थर्टी फर्स्टची नव्हती, धुळवडीचीही नव्हती.