मनीचा चातुर्मास

आमच्या सोसायटीत मांजरांनाही चातुर्मास असतो, तोही बारमाही. तिसऱ्या मजल्यावरची मनी दूध-पोळी आणि दहीभातावर आहे. ‘आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही हो,’ असं मालकीणबाई अभिमानानं सांगतात. मनी काही बोलत नाही, खिडकीतल्या कबुतराकडे एकटक बघत बसते. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही; ते मांस-मासळीत मिळतं, दहीभातात नावालाच. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदयही कमकुवत होतं. हृदयाचं हे कोडं १९८७ साली उलगडलं, पण शास्त्रापेक्षा सोवळं मोठं! दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना नीट पचत नाही, ते वेगळंच.

समोरचा लॅब्रेडॉर मात्र ‘ग्रेन-फ्री’. त्याच्या मालकांना स्वतःला वरणभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढला, धान्य त्याला पचतं. उलट २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएनं अशा धान्यविरहित खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. पण पिशवीवर लांडग्याचं चित्र आहे ना! हा लांडगा मिक्सर लावला की पलंगाखाली जातो.