अंगठा जुळत नाही

आमच्या भाचीला समाजशास्त्रात डॉक्टर व्हायचंय, पण तिचा अंगठा जुळत नाही. पत्रिका जुळली नाही म्हणून मोडलेली लग्नं आम्ही पाहिली होती. अंगठ्यापायी मोडायला आलेली पीएच.डी. लोणावळ्याजवळच्या आमच्या भुशीत ही पहिलीच.

समाजशास्त्र विभागाचं पत्र आलंय. 'बायोमेट्रिक हजेरी आढळून न आल्याने माहे जुलै व ऑगस्टचे छात्रवेतन अदा करता येणार नाही.' आढळून न आल्याने! पोरगी सोमवार ते शुक्रवार लोणावळ्याची लोकल पकडून विभागात गेली. यंत्रापुढे उभी राहिली. अंगठा ठेवला, पुसून ठेवला, ओढणीला घासून ठेवला. आतली बाई दर वेळी तितक्याच गोड आवाजात म्हणाली, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.' पोरगी सगळ्यांना दिसली, अंगठाही दिसला, हजेरी तेवढी आढळली नाही.

इथवर येताना तिने काय काय पार केलं ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना ते पाठ आहे, ज्यांच्या घरात नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. नेट परीक्षा झाली, तिशीच्या आत जेआरएफही मिळाली. मुलाखतीत विचारलं, तुमच्या विषयात संशोधनाची पोकळी नेमकी कुठे आहे? ही म्हणाली, सर, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर. सर हसले, पण प्रवेश दिला. विषय मंजूर झाला तो असा : 'पावसाळी पर्यटनातील गर्दी, जोखीम आणि स्थानिकांचे श्रम'. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून हे धरण बांधलं. इंजिनं गेली. आता त्याच पाण्यात शनिवार-रविवारी माणसं थंड व्हायला बसतात आणि त्यांच्या गाड्या घाटात तापत उभ्या असतात.

जेआरएफ म्हणजे संशोधनाचं छात्रवेतन, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. हा आकडा कळला तेव्हा आमची बहीण टपरीवर कणसं भाजत होती. पन्नासाला एक या हिशेबाने तिने तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि म्हणाली, "दादा, सातशे चाळीस कणसं झाली की रे महिन्याची! अन् तीही इंगळापुढं न बसता!"

इंगळापुढं न बसता, एवढंच तिचं चुकलं. कारण भाचीच्या संशोधनाची पद्धत आहे सहभागी निरीक्षण. म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात बसायचं, त्यांचं काम करायचं आणि रात्री वही लिहायची. तेव्हा पोरगी शनिवार-रविवार आईच्या टपरीवर बसते. कणसं सोलते, पंख्याने निखारा फुलवते, भाजलेल्या कणसावर अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून अंगठ्याने दाबून दाबून फिरवते. गिऱ्हाईक ओसरलं की पायऱ्यांवर वाहत्या पाण्यात बसून लोकांना प्रश्न विचारते, कारण रस्त्यावर 'टाइम नाही' म्हणणारा माणूस पाण्यात बसला की बायकोच्या तक्रारीसुद्धा सांगतो. अशा दोन पावसाळ्यांत लिंबू, मीठ, राख आणि पाणी या चौघांनी मिळून तिच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून टाकल्या. अंगठा बघितला आम्ही. बालवाडीतल्या पाटीसारखा कोरा.

आता विभागात जाऊन हे कारण सांगायचं ना? सांगता येत नाही. प्रवेशाच्या वेळी पाचशेच्या मुद्रांकावर तिने लिहून दिलंय की मी पूर्णवेळ संशोधक असून अन्य कोणतंही काम करत नाही. अंगठा कशाने झिजला हे खरं सांगितलं, तर कणीस विकणं हे अन्य काम ठरतं आणि छात्रवेतन जातं. नाही सांगितलं, तर हजेरी नाही म्हणून छात्रवेतन जातं. म्हणजे संशोधन केल्याचा एकमेव पुरावा तिच्या हाताला आहे, आणि नेमका तोच लपवायचा आहे.

आम्ही मामा या नात्याने विभागात गेलो. तिथले बाबू तसे सज्जन. म्हणाले, "क्षेत्रकार्याची हजेरी वेगळी लागते, अर्ज करा. मात्र शनिवार-रविवार धरता येणार नाही, सुट्टी असते."

"अहो, गर्दीचा अभ्यास आहे. गर्दी सुट्टीलाच येते."

"मग मंगळवारी करा."

"मंगळवारी गर्दी नसते."

"तेच म्हणतोय मी. निवांत करता येईल."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. एकलव्याची गोष्ट लहानपणी ऐकताना डोळे भरून यायचे. आता वाटतं, बरा होता तो काळ. गुरूला अंगठा नेमका कुणाचा, एवढं तरी ठाऊक होतं.

पुढचा उपाय बाबूंनीच सुचवला : अंगठ्याला रबरी टोपण घाला, रेषा परत येतील. भाचीने धरणावरच्या फुगेवाल्याकडून एक लाल फुगा घेतला, त्याचं तोंड कापलं आणि अंगठ्यावर चढवला. दहा रुपये. आम्ही उत्साहाच्या भरात म्हणालो, जेआरएफबरोबर पहिली दोन वर्षं वर्षाला दहा हजार आकस्मिक खर्चाला मिळतात, त्यात टाक. फुग्याइतका आकस्मिक खर्च दुसरा कुठला? टाकला. कागद परत आला. फुगा हे उपकरण की उपभोग्य वस्तू, ते स्पष्ट करा. उपकरण असल्यास तीन दरपत्रकं जोडा. उपभोग्य असल्यास संशोधनाशी संबंध नमूद करून मार्गदर्शकांची सही घ्या. दोन्ही बाबतीत जीएसटी क्रमांकाची पावती. मार्गदर्शक सेमिनारला परगावी. आम्ही छत्री घेऊन फुगेवाल्याकडे. तो बिचारा बांबूला फुगे बांधून भिजत उभा. पावती म्हटल्यावर त्याला वाटलं, आम्ही वसुलीवाले. दोन फुगे फुकट दिले आणि पळाला. आता घरात तीन फुगे आहेत, दरपत्रक एकही नाही, आणि त्या फुकटच्या दोन फुग्यांची नोंद साठा-वहीत कुठल्या रकान्यात करायची, हा प्रश्न सल्लागार समितीपुढे मांडावा, असं भाची म्हणते. आम्ही तिला आवरलं. समिती खरंच चर्चा करील.

बहिणीला यातलं काही नवीन नाही. रेशनच्या दुकानातल्या यंत्राने तिचा अंगठा कधीच नाकारलाय. पण तिथला दुकानदार निदान म्हणतो, मावशी, मोबाइलवर नंबर येईल तो सांगा. गहू देताना जी सोय आहे, ती ज्ञान देताना नाही. पूर्वी सही येत नसलेल्याला अंगठाबहाद्दर म्हणायचे. आता दोन पदव्या घेतलेल्या पोरीची सही चालत नाही, अंगठाच लागतो, आणि तो लागत नाही.

हसू येतं तोवर लिहिलं. ३० जून २०२४ ला याच धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरची पाच माणसं वाहून गेली. मग फलक आले, दोऱ्या आल्या, संध्याकाळी सहानंतरची बंदी आली. काही टपऱ्यांवर हातोडा आला. पाणी चढताना दिसत असून माणूस मूल कडेवर घेऊन तिथेच का थांबतो, कुणाचं ऐकतो, कुणाचं ऐकत नाही, पोलिसाची शिट्टी त्याला विनोद का वाटते, आणि कणीसवाली बाई 'वर जाऊ नका, पाणी वाढलंय' म्हणाली तर तो वळून का बघतो? हे विचारायला कोण आलं? ही पोरगी आली. भिजत बसली, शेकडो माणसांशी बोलली, वह्या भरल्या. त्या वह्या विभागात कुणी उघडलेल्या नाहीत. दोन महिन्यांत तिला एकाही माणसाने विचारलं नाही की बाई, काय सापडलं? सगळे तिचा अंगठा बघतायत! डोकं कुणीच तपासत नाही, कारण डोकं टेकवायचं यंत्र अजून निघालेलं नाही. निघालं, तर निविदा निघेल, आणि तेही ओल्या केसांना चालणार नाही.

असो. परवा रविवारी आम्ही धरणावर गेलो होतो. भाची लाल अंगठ्याने लिंबू फिरवत होती. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबातल्या बाईने विचारलं, काय झालं हो, विंचू चावला का? ती म्हणाली, नाही, पीएच.डी. आहे. त्या बाईने लगेच आपलं पोर मागे ओढलं आणि कणीस न घेताच पुढच्या टपरीकडे निघाली.

भाचीने वही काढली आणि 'जोखीम' या मथळ्याखाली नोंद केली.