सिस्टर, फडावर या

कोल्हापुरात ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आधी ॲडमिशन येते. होली क्रॉस नाहीतर सेंट झेवियर्सला नंबर लागला की घरात पेढे वाटतात. या शाळांनी शहराच्या कितीतरी पिढ्या घडवल्या, ते ऋण आहेच. पण घरदार सोडून व्रत घेतलेल्या माणसांची ओळख शाळेच्या फाटकाशी संपत असेल, तर काहीतरी बिनसलंय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्येच धर्मसंघांना बजावलं होतं की संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडं परत जा आणि काळही ओळखा. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2014 पासून सव्वा वर्ष समर्पित जीवनाचं म्हणून पाळायला लावलं, तेव्हाही तगादा हाच होता: बाहेर पडा, कडेला ढकललेल्या माणसांपर्यंत जा.

ती माणसं कोल्हापूरला शोधावी लागत नाहीत. 2005 पासून हा जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे, बिशपांची गादी सावंतवाडीला. तिथून आंबोली चढून आजऱ्याकडं निघालं की हंगामात उसाच्या ट्रॉल्या वाट अडवतात. त्या भरणारी जोडपी बीडकडची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. बाई अंधारात उठून भाकऱ्या थापते, दिवसभर तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. पाळी असो की पोटुशी असो, खाडा झाला की पैसे कापले. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली.

नर्सिंग शिकलेल्या सिस्टर मग कुणासाठी आहेत?

आता ख्रिस्ती घरांतही एक-दोनच मुलं. मठात यायला पोरी मिळत नाहीत, हे खरं. म्हणूनच आहेत त्या सिस्टरांचं आयुष्य फीच्या पावत्या फाडण्यात जाऊ नये. तामिळनाडू-केरळमधले धर्मसंघ आपल्या शिक्षक फादर-सिस्टरांच्या पगारातून टीडीएस कापू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये हरले. तेवढी चिकाटी कोयत्याच्या मजुरीसाठी दाखवली असती तर साऱ्या देशानं त्यांच्याकडं वळून पाहिलं असतं.

आणि हे जमतं. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर नगरच्या दुष्काळी गावांत रमले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची, श्रमदान गावानंच करायचं, असा त्यांचा रोखठोक व्यवहार होता. पाणलोटाच्या त्या कामाला कुठल्याही धर्माचा माणूस परका नव्हता.

धर्मांतराचा आरोप होईल, ही भीती पोकळ नाही. डिसेंबर 2018 मध्ये चंदगड तालुक्यात कोवाडला प्रार्थनेसाठी जमलेल्या ख्रिस्ती माणसांवर हल्ला झाला होता. पण भिंतीआड बसून संशय फिटत नाही. ग्रामपंचायतीला सांगून, आशाताईंना सोबत घेऊन, सगळ्यांदेखत काम करा. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम वसतिगृहांबरोबर ख्रिस्ती मुलांचंही वसतिगृह उभं राहू दिलं, तिथं उघडपणे केलेल्या सेवेला जागा नक्की मिळेल.

‘अवनि’सारखी संस्था वीटभट्टी आणि ऊसतोडीवरच्या मुलांच्या शाळेसाठी कधीपासून राबतेय. तिच्याशी बोलून सुरुवात करा. येत्या गळीत हंगामात दोन सिस्टर एखाद्या कारखान्याच्या तळावर राहायला पाठवा, पाचटाच्या कोपीशेजारी, हंगाम संपेपर्यंत. आणि सकाळी शहरातली मुलं उतरवून शाळेच्या आवारात उभी राहणारी बस दुपारपर्यंत त्या तळावरच्या पोरांसाठी सोडा. डिझेलचा खर्च पालकांकडं मागा. देतील, कोल्हापूरकर आहेत.